खिशातील पिस्तुलाचे अर्थकारण

अमेरिकेतील बंदूकधारकांना 'बंदूक कशासाठी बाळगता?' असे १९९९ साली एका जनमत-चाचणीत विचारण्यात आले होते. शेकडा ४९ जणांनी शिकारीसाठी असे उत्तर दिले; संरक्षणाचे नाव घेणारे शेकडा २६ होते. २०२३ साली प्यू संशोधन केंद्राने हाच विषय पुन्हा चाचपून पाहिला, तेव्हा शेकडा ७२ बंदूकधारकांनी संरक्षण हे आपले एक प्रमुख कारण असल्याचे सांगितले. दोन्ही वेळच्या प्रश्नांची शब्दयोजना एकसारखी नव्हती हे लक्षात घेतले तरी दिशा स्पष्ट आहे. पाव शतकात त्या देशातील बंदूक रानातून निघून रस्त्यावर आली. खांद्यावरून उतरून कमरेच्या पट्ट्याआड, कोटाच्या खिशात आणि बायकांच्या पर्समध्ये जाऊन बसली. हे स्थित्यंतर केवळ भीतीने घडवून आणले असे मानणे भाबडेपणाचे होईल. भीतीला मागणीचे रूप यावे लागते आणि त्या मागणीला साजेसा माल कोणीतरी तयार करावा लागतो. तो माल कसा तयार झाला आणि तो घेणारा ग्राहक नेमके काय विकत घेतो, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

बंदुकीच्या धंद्याची मूळ अडचण अशी, की हा माल लवकर झिजत नाही. चांगल्या पोलादाची शिकारी बंदूक आजोबांकडून नातवाकडे जाते आणि नातवाच्या हातीही तितकीच नेमकी चालते. टिकाऊ वस्तूचा उत्पादक हा आपल्याच जुन्या मालाशी स्पर्धा करीत असतो, ही गोष्ट रोनाल्ड कोस यांनी १९७२ साली एका छोट्या निबंधात मांडली होती. अमेरिकन नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१७ साली सुमारे ३९ कोटी ३० लाख अशी अंदाजली. म्हणजे दर शंभर माणसांमागे, तान्ही मुले धरून, १२० बंदुका! इतका साठा घरोघरी पडून असताना नवी बंदूक खपवायची, तर ग्राहकाला नवे कारण द्यावे लागते. 'सदैव जवळ बाळगता येईल अशी' हे ते नवे कारण होते. शिकारी बंदूक कपाटात आहे म्हणून खिशातल्या पिस्तुलाची गरज भागत नाही. ही वेगळीच वस्तू ठरते आणि बाजार पुन्हा मोकळा होतो.

या नव्या वस्तूला जन्म देण्यात कायद्याचाही हात होता, ही यातील गंमत. १९९४ साली अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्याने दहापेक्षा अधिक गोळ्या मावणारी नवी मॅगझिने नागरिकांना विकण्यास बंदी घातली. हेतू असा, की एका माणसाला एका दमात फार गोळ्या झाडता येऊ नयेत. कारखानदारांनी त्याचा अर्थ निराळा लावला. गोळ्या दहाच ठेवायच्या, तर मग पंधरा-सतरा गोळ्यांच्या मापाचे पिस्तूल कशाला हवे? ग्लॉक या ऑस्ट्रियन कंपनीने १९९५ साली दहा गोळ्यांचे, मूठभर आकाराचे पिस्तूल अमेरिकन बाजारात आणले आणि इतरांनी तोच मार्ग धरला. कायद्याची मुदत २००४ साली संपली. लहान पिस्तूल मात्र राहिले. २०१८ साली सिग सावर कंपनीने अर्धा किलो वजनाच्या, जेमतेम एक इंच जाडीच्या पिस्तुलात दहा गोळ्या बसवून दाखविल्या, तेव्हा या चढाओढीला पुन्हा नवे बळ आले. एक दार लावावे आणि बाजाराने खिडकी शोधावी, याचे इतके बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण.

दुसऱ्या बाजूने शस्त्र लपवून बाळगण्यावरील निर्बंध एकेक करून गळत गेले. न्यूयॉर्क राज्यात १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून पिस्तुलाला परवाना लागे आणि ते जवळ बाळगायचे तर सबळ कारण दाखवावे लागे. फ्लॉरिडाने १९८७ साली हे तत्त्व उलटे केले: अटी पूर्ण करणाऱ्याला अधिकाऱ्याने परवाना दिलाच पाहिजे, कारण विचारता कामा नये. पुढे कित्येक राज्यांनी परवान्याचीच अट काढून टाकली; २०२४ च्या अखेरीस अशी राज्ये २९ झाली होती. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची 'सबळ कारणा'ची अट घटनाबाह्य ठरविली. शेजारच्या न्यू जर्सीतील तशीच अटही त्याबरोबर निकालात निघाली. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती याच राज्यात आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात शेजारी बसलेल्या गृहस्थाच्या कोटाखाली काय असेल, हा प्रश्न तिथे आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

दुकानात शिरलेल्या ग्राहकाकडे आता वळू. एकवीस वर्षे पूर्ण झालेला माणूस परवानाधारक दुकानात एक अर्ज भरतो. १९९८ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडून त्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी होते. बहुतेकांना काही मिनिटांत होकार मिळतो. खाजगी व्यवहारात केंद्रीय कायद्याने तेवढीही अट नाही. लहान पिस्तुलाची किंमत साधारणतः तीनशे ते सहाशे डॉलर, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी भ्रमणध्वनी यंत्राइतकी. खरी कसरत किमतीच्या पुढे सुरू होते.

लहान पिस्तूल लपविण्यास सोपे आणि चालविण्यास अवघड असते. वजन कमी, म्हणून गोळी सुटताच हाताला बसणारा धक्का मोठा. मूठ आखूड, म्हणून करंगळीला आधार नाही. नळी आखूड, म्हणून नेम धरण्याच्या दोन खुणांमधले अंतर कमी आणि चूक होण्याचा संभव अधिक. मोठे पिस्तूल या सर्व बाबतींत सरस. पण ते घरीच राहते, कारण उन्हाळ्याच्या सदऱ्याखाली ते झाकत नाही. पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर घ्यावे तर त्याची रचना साधी, अडकण्याचा संभव थोडा. पण चाप जड आणि पाच गोळ्या संपल्या की पुन्हा भरणे संथ. एका गुणाच्या बदल्यात दुसरा गुण सोडून देण्याचा हा सौदा असून त्यात सर्वोत्तम असे काही नसते. अनुभवी विक्रेते हे मोकळेपणाने सांगतात. परंतु या सौद्यात एक छुपा खर्च आहे. ज्या शस्त्राने हात दुखतो त्याचा सराव माणूस टाळतो. म्हणजे ज्याला अधिक सरावाची गरज, नेमक्या त्याच शस्त्राला सर्वांत कमी सराव मिळतो.

गोळीची निवड हा याहून गुंतागुंतीचा विषय. त्यामागे एक घटना आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात एफ.बी.आय.चे आठ अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. दोन अधिकारी ठार झाले. दोष कोणाचा, डावपेचांचा की गोळीचा, याबद्दल मतभेद झाले. ठपका गोळीवर आला. त्यातून चाचणीची एक पद्धत ठरली: मानवी देहाच्या ऊतींसारख्या जिलेटिनच्या ठोकळ्यात, मध्ये जाड कापडाचे थर ठेवून, गोळी किमान १२ आणि फार तर १८ इंच आत गेली पाहिजे. १९९० साली .४० व्यासाचे नवे काडतूस निघाले, पोलीसदलांनी ते उचलले आणि पोलीस वापरतात म्हणून नागरिकांनीही. पुढे २०१४ साली एफ.बी.आय.च्याच प्रशिक्षण विभागाने असा निर्वाळा दिला, की सुधारित ९ मिलिमीटर गोळी कामगिरीत मागे नाही, तिचा धक्का कमी आहे आणि तिने नेम अधिक लागतो. पोलीसदले ९ मिलिमीटरकडे परतली; .४० ची जुनी पिस्तुले बाजारात स्वस्तात आली. पाव शतकात एक पूर्ण वर्तुळ झाले आणि त्या वर्तुळाच्या प्रत्येक वळणावर विक्री झाली.

आज जाणकार जे सांगतात ते थोडक्यात असे. सरावासाठी तांब्याचे पूर्ण वेष्टन असलेली साधी गोळी. ती पंचवीस-तीस सेंटला मिळते. प्रत्यक्ष जवळ बाळगण्यासाठी पोकळ टोकाची गोळी, जी साधारणतः एक डॉलर किंवा अधिक घेते. पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरताच उमलते, तिचा वेग मरतो आणि ती पलीकडे निघून भलत्याच माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. साधी गोळी आरपार जाऊ शकते. परंतु पोकळ गोळी उमलण्यासाठी पुरेसा वेग लागतो, आणि आखूड नळीतून गोळीला वेग कमी मिळतो. टोकातील पोकळी जाड कपड्याने बुजली तर ती उमलतच नाही. म्हणून आखूड नळीसाठी निराळी काडतुसे निघाली. शिवाय प्रत्येक पिस्तुलाला प्रत्येक काडतूस मानवत नाही. ज्याच्यावर जीव सोपवायचा ते काडतूस आपल्याच पिस्तुलातून शे-दोनशे वेळा झाडून पाहावे, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला रास्त आहे. पण त्याचा हिशेब दोनशे डॉलरांपर्यंत जातो, म्हणून तो पाळणारे थोडे. पिस्तूल एकदा विकले जाते, काडतूस जन्मभर. दाढीच्या यंत्रापेक्षा पाती विकण्यात नफा असतो, त्यातलाच हा प्रकार.

पोकळ टोकाच्या गोळीला एक भारतीय पूर्वज आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध उमलणारी गोळी बनविली आणि त्या गावाचे नाव जगभर बदनाम झाले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत अशी घोषणा झाली. म्हणजे जी गोळी रणांगणावर शत्रूच्या सैनिकावर झाडणे निषिद्ध, ती शहरातील वाटसरूच्या खिशात सुरक्षिततेची मानली जाते! विसंगती दिसते तेवढी नाही. रणांगणावर पलीकडे उभा असलेला निरपराध माणूस हा प्रश्न नसतो, बाजारपेठेत असतो. न्यू जर्सीच्या कायद्याला मात्र हा युक्तिवाद पुरतेपणी पटलेला नाही. तिथे अशी गोळी घरात ठेवता येते, रस्त्यावर जवळ बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे.

अशा रीतीने ग्राहक आकार, नळी, व्यास, गोळीचे वजन या सर्वांचा काटेकोर तौल करतो. प्रत्येक पायरीवर त्याची निवड विवेकाची असते. केवळ पहिली पायरी, हे शस्त्र घ्यावे की न घ्यावे ही, दुकानात शिरण्यापूर्वीच ओलांडलेली असते आणि तिचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडला तर काय दिसते? २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या, सुमारे १७,९०० खून. म्हणजे ज्या अनोळखी हल्लेखोराच्या कल्पनेने पिस्तूल घेतले जाते, त्याच्यापेक्षा त्या पिस्तुलाचा मोठा धोका धारकाच्या स्वतःच्या वाईट रात्रीचा आहे. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाख प्रौढांचा मागोवा घेऊन २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत इतर पुरुषांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट होते. मनाने खचलेली माणसेच पिस्तूल घेतात असा आक्षेप यावर घेता येईल, आणि पहिल्या काही दिवसांपुरता तो खराही आहे. पण ही वाढीव जोखीम खरेदीनंतर वर्षानुवर्षे टिकून राहिलेली दिसली. विष घेतलेला माणूस पुष्कळदा वाचतो. पिस्तुलाच्या बाबतीत दुसरी संधी क्वचितच मिळते.

शस्त्रधारी नागरिकांमुळे गुन्हेगारांना जरब बसते, हा दुसरा दावा. जॉन लॉट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आकडेशास्त्राच्या आधारे तो मांडला आणि तो फार गाजला. २००४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपलब्ध पुराव्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले. पुढे जॉन डॉनह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखविले, की शस्त्र बाळगण्याची मुभा देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे, ती मुभा नसती तर जितके झाले असते त्यापेक्षा, शेकडा १३ ते १५ अधिक झाले. हा अंदाज अंतिम सत्य नव्हे. पण त्यामागील कारणमीमांसा समजण्यासारखी आहे. मोटारीत ठेवलेली पिस्तुले चोरीला जातात. साधी बाचाबाची गोळीबारापर्यंत जाते. समोरच्याकडे शस्त्र असेल या शंकेने चोर आणि पोलीस दोघेही आधी गोळी झाडतात. एकाने घेतले म्हणून दुसऱ्याने घ्यावे, दुसऱ्याने घेतले म्हणून तिसऱ्याने. अखेरीस सर्वांची सुरक्षितता पूर्वीइतकी किंवा त्याहून कमी, आणि खिसा मात्र प्रत्येकाचा हलका. व्यक्तीच्या विवेकातून समूहाचा अविवेक कसा निपजतो, हे यावरून दिसावे.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. रात्रपाळी संपवून एकटी घरी परतणारी परिचारिका, पूर्वीच्या नवऱ्याच्या धमक्यांखाली जगणारी स्त्री, पोलीस चौकी जिथून तासाभराच्या अंतरावर आहे असा शेतकरी, यांची भीती खोटी नाही. त्यांना समूहाच्या हिताचे गणित ऐकविणे म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याची घनता सांगणे होय. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा वापर वर्षाकाठी किती वेळा होतो याचे अंदाज एका टोकाला पंचवीस लाख आणि दुसऱ्या टोकाला लाखाच्या आत असे आहेत. पण अगदी लहान आकडा धरला तरी तो शून्य नाही. दोष त्या स्त्रीचा नाही. संरक्षण ही सार्वजनिक सेवा असताना ती जिथे पोहोचत नाही तिथे खाजगी वस्तू म्हणून विकली जाते, आणि तिचे दुष्परिणाम मात्र कोणाच्याच खतावणीत चढत नाहीत.

ते चढू नयेत अशी व्यवस्थाही केलेली आहे. अमेरिकेत खेळणी, पाळणे आणि भाकरी भाजण्याची यंत्रे यांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारा ग्राहक आयोग १९७२ साली स्थापन झाला. बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. २००५ च्या कायद्याने गुन्ह्यात वापरलेल्या शस्त्राबद्दल कारखानदारावर दावा लावणे जवळजवळ अशक्य केले. १९९६ साली काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या अनुदानावर अशी अट घातली, की बंदुकीने होणाऱ्या इजांवरील केंद्राचे संशोधन दोन दशकांहून अधिक काळ जवळपास थंडावले. बाजार स्वतः सुधारेल म्हणावे, तर स्मिथ अँड वेसन कंपनीचा अनुभव आहे. मार्च २००० मध्ये तिने सरकारशी करार करून सुरक्षा-कुलपे व विक्रीवरील काही बंधने मान्य केली. ग्राहकांनी आणि दुकानदारांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. १९८७ साली अकरा कोटी डॉलरांहून अधिक किमतीला घेतलेली ती कंपनी ब्रिटिश मालकाने २००१ साली दीड कोटीला विकून टाकली. त्यानंतर तो प्रयोग करण्यास कोणी धजले नाही, यात नवल ते काय?

आपल्याकडे चित्र निराळे असले तरी आत्मसंतुष्ट राहण्याजोगे नाही. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली आणि गोऱ्यांना मोकळे सोडले. त्या अपमानाची आठवण राष्ट्रीय चळवळीने दीर्घकाळ जपली. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा करताना वंशभेद काढला, परवाना ठेवला. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास आजही निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. तरीही त्याच स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजानुसार देशात नागरिकांकडे सात कोटींवर बंदुका असून नोंदलेल्या त्यांतल्या सुमारे ९७ लाखच आहेत. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या बसमध्ये बळी पडलेल्या मुलीच्या नावाची छाया घेऊन आलेले ते शस्त्र, बसने प्रवास करणाऱ्या किती मुलींना परवडणार होते, हे कोणी विचारले नाही.

अमेरिकेत निदान एक हिशेब दुरुस्त करण्याजोगा आहे. १९३७ च्या कायद्याने शिकारी बंदुका व काडतुसे यांवर आधीपासून असलेल्या कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या जोपासनेस लावण्यात आले. शिकाऱ्याने हरिणांच्या रानाचा खर्च उचलावा, हे न्याय्यच होते. १९७० साली पिस्तुलांवरील शेकडा १० कराचे उत्पन्नही त्याच निधीकडे वळविण्यात आले. आज कोटाच्या खिशासाठी पिस्तूल घेणारा, जन्मात रानात न गेलेला ग्राहकही हरिणांसाठीच कर भरतो. इस्पितळातील तातडीच्या विभागाला किंवा आत्महत्या रोखण्याच्या कामाला त्यातून काही मिळत नाही. वस्तूचा उपयोग बदलला, तर कराचा विनियोगही बदलला पाहिजे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून बंदुका व काडतुसांवर आणखी शेकडा ११ राज्यकर लावून त्याचे उत्पन्न हिंसाचार-प्रतिबंध आणि शाळांची सुरक्षितता यांसाठी राखून ठेवले आहे. कर लागू होताच त्याविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला.